मर्यादित मेमरीतील डेटाबेस : ‘एसक्यूलाइट’च्या रचनेची एक समीक्षा

सारांश

हातात मावणारी, भिंतीवर बसविलेली किंवा वाहनात जोडलेली अनेक उपकरणे आज स्वतःजवळच नोंदी साठवितात. अशा उपकरणांसाठी डेटाबेस निवडताना त्याचा आकार किती, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. प्रस्तुत लेखात ‘एसक्यूलाइट’ या सर्वदूर पसरलेल्या डेटाबेसची समीक्षा केली असून आकाराचा आकडा हे गुणवत्तेचे अपुरे माप आहे, असे प्रतिपादन केले आहे. मेमरी संपल्यावर, वीज गेल्यावर आणि रचनेची छाटणी केल्यावर डेटाबेस आपल्या वचनाचे काय करतो, हे खरे माप होय. या मापाने एसक्यूलाइटचे यश मोठे ठरते. परंतु त्या यशाच्या अटी बहुधा वाचल्या जात नाहीत. महाविद्यालयीन अध्यापनात या अटींना स्थान मिळावे, अशी सूचना शेवटी केली आहे.

१. प्रस्तावना

डेटाबेस या विषयाची आपली पाठ्यपुस्तके काही अध्याहृत गृहीतकांवर उभी आहेत. सर्व्हर मोठा आहे, वीजपुरवठा अखंड आहे, देखरेखीला प्रशासक आहे आणि मेमरी कमी पडलीच तर ती विकत आणता येते, अशी ही गृहीतके होत. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी रिलेशनल प्रतिमान मांडले, तेव्हा माहितीची तार्किक रचना आणि तिची प्रत्यक्ष साठवण यांची फारकत करणे हाच त्यांच्या मांडणीचा गाभा होता. प्रश्न विचारणाऱ्याने साठवणीची चिंता करू नये, ही त्या मांडणीची फार मोठी देणगी आहे. वर्गात आपण ती देणगी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवितो आणि बहुधा तेथेच थांबतो.

लहान उपकरणात ही फारकत टिकत नाही. बस कंडक्टरच्या हातातील तिकीट-यंत्राचे उदाहरण घेऊ. मेमरी मोजकी, बॅटरी केव्हाही उतरणारी, प्रशासक कोणीही नाही. तिकीट प्रवाशाच्या हाती गेलेले असते आणि त्याची नोंद मात्र यंत्रात उमटण्याच्या वाटेवर असते. त्या क्षणी यंत्र बंद पडले आणि नोंद हरवली, तर थैलीतील रक्कम व यंत्रातील हिशोब जुळणार नाही आणि त्याचे स्पष्टीकरण कंडक्टरलाच द्यावे लागेल. डेटाबेसमधील ‘व्यवहाराचे टिकाऊपण’ ही संज्ञा आपण परीक्षेत दोन गुणांसाठी विचारतो. येथे तिचा संबंध एका माणसाच्या प्रामाणिकपणावरील विश्वासाशी येतो.

संगणकीय रचनेची समीक्षा साहित्यकृतीप्रमाणे करता येते काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकेल. प्रत्येक रचना काही वचने देते, काही गोष्टी नाकारते आणि आपल्याविषयी काही दावेही करते. वचन आणि वर्तन यांतील अंतर तपासणे हे समीक्षेचेच काम आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका एवढीच आहे.

आरंभीच एका शब्दाचा घोळ दूर करणे आवश्यक वाटते. ‘एम्बेडेड डेटाबेस’ ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. एका अर्थी ती प्रोग्रामच्या पोटात सामावलेल्या, वेगळा सर्व्हर न लागणाऱ्या डेटाबेसला लावतात. दुसऱ्या अर्थी ती एम्बेडेड उपकरणात चालणाऱ्या डेटाबेसला लावतात. पहिला अर्थ रचनेचा आहे, दुसरा परिस्थितीचा. पहिल्या अर्थाने एम्बेडेड असलेला डेटाबेस दुसऱ्या अर्थाने योग्य असेलच असे नाही. अनेक तुलनात्मक तक्त्यांत हे दोन अर्थ एकाच रकान्यात घातलेले आढळतात आणि पुढील सर्व गैरसमज तेथून सुरू होतात.

२. संकोचाच्या तीन वाटा

डेटाबेस लहान करणे म्हणजे काहीतरी सोडणे. काय सोडावे, याची तीन वेगळी उत्तरे या शतकाच्या आरंभी जवळजवळ एकाच वेळी पुढे आली.

पहिले उत्तर फ्रान्समधील संशोधकांच्या ‘पिकोडीबीएमएस’चे. फिलिप पुशराल, लुक बुगानिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ते मांडले. त्यांचे लक्ष्य होते स्मार्ट कार्ड; म्हणजे रुग्णाचा वैद्यकीय इतिहास रुग्णाच्याच खिशात ठेवणारी चिप. या चिपमध्ये कामकाजाची मेमरी अगदी मोजकी किलोबाइट असते. कायमस्वरूपी साठवणीतून वाचन जलद होते, पण लेखन फार मंद होते. संशोधकांनी प्रश्नाचे उत्तर काढताना मधले निकाल साठविणेच टाळले. उत्तर थेंबाथेंबाने, एकेका नोंदीने बाहेर येते. त्यासाठी तीच माहिती पुन्हा पुन्हा वाचावी लागते. येथे वेळ खर्च करून मेमरी वाचविलेली आहे. २००३ साली याच गटाने उत्तरासाठी किमान किती मेमरी लागते आणि ती थोडी वाढविल्यास वेळ किती वाचतो, याचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा तो वस्तुपाठ म्हणता येईल.

दुसरे उत्तर अमेरिकेतील बर्कली येथील ‘टायनीडीबी’चे. सॅम्युअल मॅडन व सहकाऱ्यांनी ते संवेदक-जाळ्यांसाठी घडविले. ज्या ‘मोट’ जातीच्या संवेदकांवर ते चालत असे, त्यांपैकी मायका या प्रकारात कामकाजाची मेमरी ४ किलोबाइट होती आणि शक्तीचा स्रोत दोन साधे सेल. तेथे खरी टंचाई विजेची होती आणि वीज सर्वाधिक खर्च होत असे रेडिओ-संदेशांवर. म्हणून बेरीज, सरासरी यांसारखी गणिते जाळ्यातच, वाटेवरच करण्याची योजना त्यांनी केली. माहिती जपून ठेवण्याचे वचन येथे सैल झाले. एखादे वाचन हरवले तरी पुढचे थोड्याच वेळात येणार असल्यामुळे तापमान मोजणाऱ्या जाळ्याला ते परवडते. तिकीट-यंत्राला ते परवडणार नाही.

तिसरे उत्तर ‘एसक्यूलाइट’चे. त्याने सर्व्हर सोडला, वापरकर्त्यांचे अधिकार व परवाने सोडले, एकाच वेळी अनेकांनी लिहिण्याची सोय सोडली. व्यवहाराचे संपूर्ण वचन मात्र त्याने राखले. व्यवहार एक तर पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही, आणि पूर्ण झाल्याचे सांगितल्यावर तो टिकेल, हे ते वचन. पहिल्या दोन रचना मुख्यतः संशोधनाच्या क्षेत्रात राहिल्या. तिसरी खिशाखिशांत पोहोचली. म्हणूनच तिची तपासणी अधिक काटेकोर हवी.

३. एसक्यूलाइटची जडणघडण

डी. रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइटची सुरुवात २००० साली केली. ते त्या वेळी अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरील सॉफ्टवेअरचे काम करीत होते. त्या सॉफ्टवेअरला इन्फॉर्मिक्सचा सर्व्हर लागत असे आणि तो सर्व्हर बंद पडला की प्रोग्रामही निकामी होत असे. जहाजाला हानी पोहोचली असता उपयोगी पडावयाचे साधन दुसऱ्या एका साधनाच्या कृपेवर अवलंबून होते. या अडचणीतून सर्व्हरविरहित डेटाबेसची कल्पना निघाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एसक्यूलाइटचा जन्म मेमरीच्या टंचाईतून झालेला नाही. परावलंबन टाळणे हा त्याचा मूळ हेतू होता. लहान आकार हे त्या हेतूचे फळ होय.

पहिल्या आवृत्तीने साठवणीसाठी जीडीबीएम या तयार साधनाचा आधार घेतला. २००१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतःची बी-ट्री रचना आली आणि २००४ साली तिसरी आवृत्ती आली, जी आजही चालू आहे. संपूर्ण प्रोग्राम सार्वजनिक मालकीचा म्हणून खुला ठेवलेला आहे. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यासह कोट्यवधी उपकरणांत तो आहे. आपले साधन ऑरॅकलसारख्या डेटाबेसशी स्पर्धा करीत नसून साधी फाइल उघडून तीत लिहिण्याच्या सवयीशी स्पर्धा करते, असे त्याचे कर्ते सांगतात. हे आत्मपरीक्षण नेमके आहे आणि समीक्षकाने तेच प्रमाण मानून पुढे जाणे योग्य होय.

४. मेमरी संपते तेव्हा

बहुतेक प्रोग्राम मेमरी मागतात आणि ती मिळेलच असे धरून चालतात. मोठ्या संगणकावर हे गृहीतक क्वचितच खोटे ठरते. लहान उपकरणात ते केव्हाही खोटे ठरू शकते आणि त्या क्षणी प्रोग्राम अर्धवट लिहिलेल्या पानासह कोसळू शकतो.

एसक्यूलाइटची चाचणीपद्धती या ठिकाणी विशेष प्रशंसेस पात्र आहे. एखादे काम चालू असताना मेमरीची पहिली मागणी मुद्दाम नाकारली जाते आणि डेटाबेस शाबूत राहिला की नाही हे पाहिले जाते. मग तेच काम पुन्हा सुरू करून दुसरी मागणी नाकारली जाते, नंतर तिसरी. असे काम निर्विघ्न पार पडेपर्यंत चालते. नकार एकदाच आला तर काय आणि एकदा आल्यावर येतच राहिला तर काय, या दोन्ही शक्यता स्वतंत्रपणे तपासल्या जातात. प्रत्येक वेळी अपेक्षा एकच असते. डेटाबेसने ‘मेमरी नाही’ असे स्पष्ट सांगावे, अपूर्ण व्यवहार मागे घ्यावा आणि आधीच्या नोंदींना धक्का लावू नये. डिस्क भरणे, वाचनात चूक होणे, वीज जाणे यांच्या चाचण्याही याच धर्तीच्या आहेत. अपयशाची इतकी पद्धतशीर तालीम सर्वसामान्य व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये दुर्मीळ आहे.

याहून पुढचा प्रश्न असा की, मेमरी कधीच नाकारली जाणार नाही अशी हमी देता येईल काय? वारंवार घेतलेल्या व परत केलेल्या तुकड्यांमुळे मेमरीत भोके पडत जातात. एकूण शिल्लक पुरेशी असूनही सलग जागा मिळत नाही. एसक्यूलाइटमध्ये यावर उपाय म्हणून दोनाच्या घातांच्या आकाराचे तुकडे देणारा एक स्वतंत्र वाटप-विभाग आहे. त्याच्या मागे जे. एम. रॉब्सन यांनी १९७४ साली सिद्ध केलेला निष्कर्ष आहे. एका वेळी जास्तीत जास्त किती मेमरी वापरात असेल आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मागणीचे गुणोत्तर किती असेल, हे ठाऊक असल्यास किती मेमरी राखून ठेवावी म्हणजे मागणी कधीच फेटाळली जाणार नाही, हे त्या सूत्राने काढता येते.

या हमीची किंमत मात्र पाहिली पाहिजे. हे गुणोत्तर ६४ असेल तर प्रत्यक्ष वापराच्या सुमारे ४ पट मेमरी राखून ठेवावी लागते. १०२४ असेल तर सुमारे ६ पट. शिवाय हा विभाग मूळ मांडणीत चालू नसतो, प्रोग्राम बांधताना तो निवडावा लागतो. आणि कमाल वापर किती, हे उपकरण घडविणाऱ्यानेच मोजावयाचे असते. मोजमाप चुकले तर सूत्र बरोबर असूनही हमी राहत नाही. गणिताने दिलेले वचन येथे मापनाच्या शिस्तीवर उभे आहे.

या पार्श्वभूमीवर आकाराच्या दाव्याकडे पाहू. एसक्यूलाइट ४ किलोबाइट स्टॅक आणि १०० किलोबाइट हीप एवढ्या जागेत चालविता येते, असे त्याच्या अधिकृत परिचयात म्हटले आहे. विधान खरे आहे. तथापि मूळ मांडणीत, म्हणजे कोणतीही सेटिंग न बदलता, केवळ पानांच्या तात्पुरत्या साठवणीलाच सुमारे २००० किलोबाइटपर्यंत वाढण्याची मुभा असते. परिचयातील आकडा आणि मूळ मांडणीतील आकडा यांत २० पटींचे अंतर आहे. पानाचा मूळ आकारही २०१६ साली १०२४ बाइटवरून ४०९६ बाइट करण्यात आला. मोबाइल आणि मोठ्या संगणकांच्या दृष्टीने तो बदल उचितच होता. पण ‘लहान’ या शब्दाचा अर्थ कोणत्या दिशेने सरकत आहे, हे त्यातून दिसते. ४ किलोबाइटच्या मोटवर किंवा २ किलोबाइट मेमरीच्या आर्डुइनो उनोवर एसक्यूलाइटचा विचारही संभवत नाही. दोन्ही बाजूंना आपण ‘मर्यादित मेमरीची उपकरणे’ म्हणतो, ही भाषेची सैलता आहे.

५. ओझे कोठे सरकते?

कमी मेमरीत काम भागते, तेव्हा कामाचे ओझे नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे सरकते. पुरेशा मेमरीअभावी मोठी क्रमवारी लावावयाची झाल्यास ती तात्पुरत्या फायलींत उतरते. तात्पुरत्या पानांना जागा कमी पडली की तीही साठवणीवर जातात. म्हणजे ओझे बहुधा फ्लॅश साठवणीवर जाते आणि फ्लॅशला पुसण्या-लिहिण्याच्या फेऱ्यांची मर्यादा असते.

पुन्हा तिकिटाचे उदाहरण घेऊ. एक नोंद २० बाइटची आहे असे मानू. एसक्यूलाइटच्या पारंपरिक रोलबॅक पद्धतीत बदलण्यापूर्वीचे मूळ पान प्रथम जर्नल फायलीत उतरविले जाते आणि नंतर नवे पान मुख्य फायलीत लिहिले जाते. पान ४०९६ बाइटचे असल्यास २० बाइटच्या नोंदीसाठी किमान ८ किलोबाइटचे लेखन होते. म्हणजे सुमारे ४०० पट. फायलीच्या पहिल्या पानावरील बदल-गणकही दर व्यवहारात वाढवावा लागत असल्यामुळे सामान्यतः हा आकडा त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. प्रत्येक टप्प्यावर लेखन खरोखर साठवणीपर्यंत पोहोचल्याची खात्री करून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो.

हा खर्च टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे १०० तिकिटे एका व्यवहारात बांधणे. लेखनाचे प्रमाण झपाट्याने खाली येते. मात्र नव्व्याण्णवाव्या तिकिटाला बॅटरी उतरली तर नव्व्याण्णव नोंदी जातात. फ्लॅशचे आयुष्य आणि हरवणाऱ्या नोंदींची संख्या यांत निवड करणे भाग पडते. कोणताही डेटाबेस ही निवड आपल्यासाठी करू शकत नाही.

२०१० साली आलेल्या राइट-अहेड लॉग पद्धतीने यात बरीच सुधारणा केली. आपल्या पेढ्यांवरील रोजकीर्द आणि खतावणी यांच्याशी तिची तुलना करता येईल. व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो. सवडीने खतावणी होते. लेखन शेवटी जोडले जात असल्यामुळे ते जलद होते. या पद्धतीच्याही अटी आहेत. मूळ मांडणीत रोजकीर्द सुमारे १००० पानांची झाल्यावर खतावणीचा प्रयत्न होतो, म्हणजे ४ मेगाबाइट जागा हाताशी हवी. आणि कोणी वाचक दीर्घकाळ फाइल धरून बसला तर ती याहूनही फुगते. सामान्यतः सामायिक मेमरीची सोयही लागते, जी अनेक लहान प्रणालींत नसते. वेगासाठी खात्रीची पातळी एक पायरी खाली आणल्यास वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही, परंतु शेवटचे काही व्यवहार गायब होऊ शकतात. ‘फाइल शाबूत आहे’ आणि ‘नोंद शाबूत आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

अखेरची कडी हार्डवेअरची. ‘लिहून झाले’ असे साठवणीचे साधन सांगते, ते खरे मानण्यावाचून डेटाबेसला गत्यंतर नसते. काही स्वस्त साधने प्रत्यक्ष लिहिण्यापूर्वीच तसे सांगून मोकळी होतात. आपला डेटाबेस कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतो, याची यादी एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली असून तीत या शक्यतेचा स्पष्ट उल्लेख आहे. निर्मात्याने स्वतःच्या कृतीच्या पराभवाचे मार्ग लिहून ठेवणे ही दुर्मीळ सचोटी होय. परंतु ज्याने केवळ आकाराचा आकडा वाचला आहे, त्याच्यापर्यंत ती यादी पोहोचत नाही.

६. छाटणी आणि पुरावा

मेमरी फारच कमी असेल तर एसक्यूलाइटमधील नको असलेले भाग वगळून तो आणखी लहान बांधता येतो. ‘ओमिट’ या नावाने सुरू होणाऱ्या पर्यायांची लांबलचक यादी त्यासाठी उपलब्ध आहे. सकृद्दर्शनी लहान उपकरणासाठी हाच राजमार्ग वाटतो. परंतु अधिकृत दस्तऐवजातच असा इशारा आहे की, या पर्यायांना पाठबळ नाही, त्या सर्वांची चाचणी होत नाही आणि त्यांपैकी काहींमुळे चुकीची उत्तरेही मिळू शकतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण समीक्षेतील हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एसक्यूलाइटची कीर्ती त्याच्या चाचण्यांवर उभी आहे. विमानांतील अतिसंवेदनशील सॉफ्टवेअरसाठी जो कस लावतात, त्या कसानुसार निर्णयाच्या प्रत्येक फाट्याची संपूर्ण तपासणी २००९ साली साध्य झाली. हा पुरावा पूर्ण रचनेचा आहे. छाटलेली रचना ही वेगळीच कृती होय. तिच्यासोबत मूळ कृतीचे प्रशस्तिपत्र येत नाही. ज्यांना लहानपणाची गरज सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला पुरावा सर्वांत कमी येतो, असा हा विरोधाभास आहे.

पुराव्याच्या स्वरूपाविषयी आणखी दोन गोष्टी नोंदविणे अगत्याचे आहे. संपूर्ण तपासणीचा दावा ज्या चाचणीसंचावर मुख्यतः आधारलेला आहे, तो ‘टीएच-३’ संच खासगी मालकीचा आहे. प्रोग्राम सर्वांना खुला आणि त्याच्या सिद्धतेचा मोठा भाग बंद, अशी ही स्थिती आहे. दुसरा सार्वजनिक संचही विस्तृत आहे, हे खरे. तथापि शास्त्रीय शिस्तीत पडताळा घेता येणे हा पुराव्याचा गुण मानला जातो आणि त्या कसोटीवर येथे उणेपणा राहतो. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक फाटा तपासणे म्हणजे प्रत्येक चूक सापडणे नव्हे. २०१८ साली टेन्सेंटच्या सुरक्षा-गटाने ‘मॅगेलन’ नावाने उघड केलेले दोष एसक्यूलाइटच्या पूर्ण-मजकूर शोध विभागात होते. ते त्वरित दुरुस्त झाले. मात्र ज्या उपकरणांचे सॉफ्टवेअर एकदा भरले की वर्षानुवर्षे बदलत नाही, त्यांच्यापर्यंत अशी दुरुस्ती कशी पोहोचणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

७. सैल शिस्त

व्यवहाराच्या बाबतीत इतका कठोर असलेला हा डेटाबेस आशयाच्या बाबतीत मात्र सैल आहे. पूर्णांकासाठी राखलेल्या स्तंभात तो मजकूरही स्वीकारतो. कर्ते यास लवचिकता म्हणतात आणि लहान प्रोग्राममध्ये तिचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल. दोन तक्त्यांतील संबंध जपणारे फॉरेन की बंधन २००९ साली अंमलात आणले गेले. परंतु जुन्या प्रोग्रामांशी सुसंगती राहावी म्हणून ते आजही मूळ मांडणीत बंद असते. प्रकाराचे बंधन काटेकोर पाळणारे ‘स्ट्रिक्ट’ तक्ते २०२१ साली आले, तेही मागितल्यासच मिळतात.

मोठ्या संस्थेत चुकीची नोंद कोणाच्या तरी नजरेस पडते. प्रशासक नसलेल्या उपकरणात ती साठत जाते आणि महिन्यांनंतर मुख्यालयातील बेरजेत प्रकट होते. जेथे पाहणारा कोणी नाही तेथे शिस्त यंत्राच्या अंगी असावी लागते. एसक्यूलाइटने ती पर्यायी ठेवली आहे; म्हणून ती मागून घेणे ही उपकरण घडविणाऱ्याची जबाबदारी ठरते.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी प्रश्न लिहितो, पडद्यावर बरोबर उत्तर येते आणि वहीवर सही होते. मेमरी संपते, वीज जाते, डिस्क भरते, या घटना प्रयोगशाळेत कधी घडविल्याच जात नाहीत. परिणामी, पुढे उपकरण-निर्मितीत गेलेला विद्यार्थी आकाराचा आकडा पाहून डेटाबेस निवडतो.

यासाठी नवी सामग्री लागत नाही. एसक्यूलाइट विनामूल्य आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. २०२० पासून त्यात हीपची पक्की मर्यादा घालण्याची सोय आहे. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणीत एकच क्रमवारी इंडेक्ससह आणि इंडेक्सविना चालवून पाहावी. कोणत्या आकड्यावर कोणती अडते, याचा आलेख काढावा. दुसऱ्या प्रयोगात एक नोंद लिहिताना प्रत्यक्ष किती बाइट लिहिले गेले, ते मोजावे. तिसऱ्या प्रयोगात लेखन चालू असताना प्रथम केवळ प्रोग्राम मारावा आणि नंतर, जुन्या यंत्रावर, वीजच तोडावी. पहिल्या प्रकारात ऑपरेटिंग सिस्टीम हातातील लेखन पूर्ण करते, दुसऱ्यात करीत नाही. हा भेद पुस्तकातून सहसा समजत नाही. चौथ्या प्रयोगात पूर्णांकाच्या स्तंभात नाव घालून पाहावे आणि मग हेच ‘स्ट्रिक्ट’ तक्त्यात करून पाहावे. चार तासिकांत होणारे हे काम ‘टिकाऊपण’ या संज्ञेला अनुभवाचा आधार देईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, ‘एम्बेडेड’ आणि ‘लहान’ हे शब्द मापाशिवाय वापरणे दिशाभूल करणारे आहे. कामकाजाची मेमरी, प्रोग्रामचा आकार आणि साठवणीवरील लेखन ही तीन मापे स्वतंत्रपणे सांगितली पाहिजेत. दोन, मेमरीची बचत विनामूल्य नसते. पिकोडीबीएमएस वेळेने, टायनीडीबी टिकाऊपणाने आणि एसक्यूलाइट साठवणीवरील लेखनाने तिची किंमत चुकवितात. तीन, अपयशाच्या प्रसंगी स्पष्टपणे नकार देणे आणि आधीच्या नोंदी राखणे, या कसोटीवर एसक्यूलाइट आपल्या वर्गात फार वरच्या स्थानी आहे. चार, हे स्थान पूर्ण, न छाटलेल्या रचनेचे आणि विचारपूर्वक केलेल्या मांडणीचे आहे. मूळ मांडणी जशीच्या तशी घेणाऱ्याला किंवा मनमानी छाटणी करणाऱ्याला ते आपोआप लाभत नाही.

एसक्यूलाइटच्या दस्तऐवजांत या सर्व अटी लिहिलेल्या आहेत; त्यांचा दोष त्यांच्या कर्त्यांकडे जात नाही. दोष आहे तो दावा वाचून अटी सोडून देणाऱ्या वाचनाचा, आणि वाचन शिकविणे हे महाविद्यालयाचे काम आहे. उपकरणातील डेटाबेसची निवड ही कोणाच्या नोंदी हरवू शकतात आणि त्या हरवल्यावर उत्तर कोणाला द्यावे लागेल, याचीही निवड असते. हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात विचारला गेला, तर आकाराच्या आकड्याला त्याची योग्य जागा मिळेल.